लागण की तोतयेगिरी? : ट्रोजन आज्ञावलीच्या मराठी वर्णनाची चिकित्सा

प्रास्ताविक

'संगणकाला व्हायरस लागला' हे वाक्य महाविद्यालयाच्या कार्यालयात, ग्रंथालयात किंवा स्टाफरूममध्ये आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्यातील क्रियापदाकडे आपले लक्ष जात नाही. ठेच लागते, ऊन लागते, दृष्ट लागते, तसाच व्हायरसही लागतो. या अर्थाने वापरलेल्या 'लागणे' या क्रियापदामागे कोणी करणारा दिसत नाही. घटना जणू आपोआप घडते आणि ती ज्याच्यावर घडते तो केवळ भोगणारा असतो. दृष्ट लागली असे म्हणतानासुद्धा ती कोणाची हे अध्याहृतच राहते. संगणकात शिरणाऱ्या घातक आज्ञावलींविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, त्यातील बहुतेक सर्व भाषा या एका क्रियापदाच्या छायेत वाढलेली आहे. लागण, प्रादुर्भाव, बाधित, स्वच्छ करणे, लस हे सारे शब्द रोगाच्या परिभाषेतून आलेले आहेत.

प्रस्तुत लेखात ज्या प्रकाराचा विचार करावयाचा आहे त्याला 'ट्रोजन' असे म्हणतात, आणि त्यातही स्क्रिप्ट या स्वरूपात लिहिलेल्या, म्हणजे साध्या अक्षरांत वाचता येईल अशा आज्ञावलीच्या ट्रोजनचा. विषाणू स्वतःच्या प्रती काढत पसरतो. ट्रोजनची गोष्ट वेगळी आहे. तो एखाद्या दुसऱ्याच, हव्याशा वस्तूचे रूप घेऊन येतो आणि संगणकाचा वापरकर्ता त्याला स्वतःच्या हाताने आत घेतो. प्रत्यक्षात अनेक आज्ञावली दोन्ही कामे करतात, ही गोष्ट खरी. परंतु त्यामुळे या दोन कृतींतील भेद पुसला जात नाही. रोगाचे रूपक पहिल्या कृतीला लागू पडते. दुसऱ्या कृतीसाठी ते केवळ अपुरेच नव्हे तर दिशाभूल करणारे आहे, आणि या दिशाभुलीची किंमत एखाद्या माणसाच्या स्वातंत्र्यापर्यंत जाऊ शकते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. हा विषय संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांचा असून मराठीच्या अध्यापकाने त्यात का पडावे, असा प्रश्न विचारला जाईल. ट्रोजन ही मुळात एक संहिता असते, ती विशिष्ट वाचक डोळ्यांसमोर ठेवून रचलेली असते आणि त्या वाचकाने ती उघडल्याशिवाय तिचे काम सुरू होत नाही, एवढे उत्तर पुरे व्हावे.

रोगाचे रूपक आणि तोतयाचा शब्द

कालक्रमाने पाहता ट्रोजन ही संज्ञा विषाणूपेक्षा जुनी आहे. अमेरिकन हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ मध्ये संगणक सुरक्षेवर जो अहवाल तयार केला, त्यात ट्रॉयच्या घोड्याचे नाव या प्रकाराला दिलेले आढळते. 'व्हायरस' हा शब्द फ्रेड कोहेन यांच्या १९८३-८४ मधील प्रयोगांतून आणि निबंधातून रूढ झाला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा फ्लॉपीवरून पसरणारा विषाणू जगभर गेला आणि पुढे सर्वसामान्यांच्या बोलण्यात धाकट्या शब्दाने थोरल्याला मागे टाकले. आपल्याकडेही तेच घडले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी नव्वदच्या दशकात विषाणूविरोधी आज्ञावली तयार केली. तिचे 'क्विक हील' हे नाव पुढे २००७ मध्ये कंपनीचेच नाव झाले. रोग लवकर बरा करणे हाच त्या नावाचा अर्थ. एका मराठी उद्योजकाच्या कर्तबगारीबद्दल पूर्ण आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, संगणक 'आजारी' पडतो आणि 'औषधाने' बरा होतो ही समजूत महाराष्ट्राच्या गावोगावी दृढ होण्यास या नावासारख्या नावांचा हातभार लागला.

कायद्याची भाषाही याच वाटेने गेली. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्याला ९ जून २००० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये संगणक विषाणू आणि त्याच्या जोडीला संगणक दूषित करणाऱ्या आज्ञांचा संच अशा दोन संज्ञांची व्याख्या केलेली आहे. दुसरी व्याख्या पुरेशी व्यापक असून तीत ट्रोजनचा समावेश होऊ शकतो. परंतु 'दूषित करणे' ही कल्पनाही शेवटी पाण्याची, अन्नाची, शरीराचीच आहे. फसवणुकीचा विचार कायद्यात आला तो २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ६६-ड संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या फसवणुकीला शिक्षा सांगते.

या कृतीसाठी मराठीला नवा शब्द घडवण्याची गरज नाही. 'तोतया' हा शब्द आपल्याकडे आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत अशी आवई उठत राहिली आणि त्यांचे नाव धारण करून एक मनुष्य प्रकटला. त्याने अनुयायी जमवले, काही काळ कोकणात प्रदेश हाताखाली घातला आणि अखेर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. या प्रकरणात विचारात घेण्याजोगी बाब अशी की, तोतया उभा राहिला तो रूपसाम्याच्या बळावर कमी आणि लोकांच्या प्रतीक्षेच्या बळावर अधिक. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत असे परंपरा सांगते. ज्याची वाट पाहिली जात होती तोच आल्याचे सांगण्यात आले. ट्रोजन लिहिणारा हेच करतो. समोरचा वाचक कशाची वाट पाहत आहे हे तो आधी ओळखतो आणि कुलूप फोडण्याच्या श्रमातून मोकळा होतो.

प्रेमपत्राची संहिता

४ मे २००० रोजी जगभरातील कार्यालयांत एक ई-मेल येऊ लागला. त्याच्या विषयाच्या जागी 'आय लव्ह यू' असे इंग्रजीत लिहिलेले होते. मजकूर एका ओळीचा, सोबत पाठवलेले माझे प्रेमपत्र कृपया पाहावे एवढाच. सोबतच्या फाईलचे नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू.टीएक्सटी.व्हीबीएस' असे होते. या नावातील शेवटची तीन अक्षरे फाईलचा खरा प्रकार सांगतात, म्हणजे ही व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट आहे आणि तिच्यावर क्लिक केल्यास ती चालेल. पण विंडोज प्रणाली त्या काळी ओळखीच्या प्रकारांची शेवटची अक्षरे आपण होऊन लपवत असे, आणि ही सवय पुढील आवृत्त्यांतही टिकून राहिली. त्यामुळे वाचकाला दिसले ते 'टीएक्सटी' वर संपणारे नाव, अर्थात साध्या मजकुराची निरुपद्रवी फाईल. मुखवटा स्क्रिप्टने तयार केला असला तरी तो चेहऱ्यावर नीट बसवून दिला तो प्रणालीने. वापरकर्त्याला तांत्रिक तपशिलाचा त्रास नको या सद्हेतूने केलेली सोय फसवणुकीची भागीदार झाली.

ही स्क्रिप्ट चालवण्याचे काम 'विंडोज स्क्रिप्ट होस्ट' हा घटक करतो. विंडोज ९८ पासून तो प्रणालीसोबतच येत असल्याने आज्ञा वाचून अमलात आणणारा दुभाषी प्रत्येक घरात आधीच बसलेला होता; बाहेरून फक्त कागद यायचा होता. स्क्रिप्टने स्वतःच्या प्रती विंडोजच्या फोल्डरांत ठेवल्या, संगणक सुरू होताच आपण चालू व्हावे अशी नोंद रजिस्ट्रीत केली, चित्रांच्या व इतर अनेक प्रकारच्या फायलींवर स्वतःला लिहिले, आणि आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतील प्रत्येकाला त्या वापरकर्त्याच्या नावाने तेच प्रेमपत्र धाडले. शिवाय पासवर्ड चोरणारी एक वेगळी आज्ञावली महाजालावरून उतरवून घेण्याची तरतूदही तिच्यात होती. म्हणजे पसरण्याच्या बाबतीत ती वर्म होती आणि वेषाच्या व हेतूच्या बाबतीत ट्रोजन.

ही संहिता मनिलाच्या ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्याने लिहिली होती. महाजालाचे पासवर्ड मिळवणाऱ्या आज्ञावलीचा प्रबंध-प्रस्ताव त्याने आपल्या महाविद्यालयाकडे दिला होता आणि तो नाकारण्यात आला होता. स्क्रिप्टच्या आरंभीच्या टिपेत, जी यंत्र वाचत नाही, शाळेत जाण्याचा तिटकारा असल्याचे मोडक्या इंग्रजीत लिहिलेले आहे. आपण अध्यापक असल्याने ही टीप आपल्याला अधिक बोचावी. फिलिपाईन्समध्ये त्या वेळी या कृत्यासाठी लागू होणारा कायदाच नसल्यामुळे ऑगस्ट २००० मध्ये आरोप मागे घेतले गेले.

साहित्यविचारात आपण वाचकाच्या अपेक्षाक्षितिजाविषयी बोलतो. या प्रेमपत्राचे यश त्या संकल्पनेशिवाय समजत नाही. पत्र अनोळखी माणसाकडून आलेले नव्हते. ते सहकाऱ्याच्या, वरिष्ठाच्या, जुन्या मित्राच्या पत्त्यावरून आले होते. ओळखीच्या माणसाने अनपेक्षित शब्द उच्चारले, म्हणून कुतूहल जागे झाले. काही दिवसांतच त्याची रूपांतरे निघाली. एकात मातृदिनाच्या भेटवस्तूची मागणी नोंदवल्याचे आणि पैसे वळते झाल्याचे कळवले होते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत मातृदिन असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रूपांतरकाराने प्रसंगाचे भान किती नेमके राखले होते ते कळते. आपल्याकडचे रूपांतर पाहावयाचे तर ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर आलेल्या लग्नपत्रिकेकडे पाहावे. पत्रिकेच्या नावाखाली मोबाईलवर चालणारी आज्ञावली होती, आणि तिच्यामुळे सुमारे १ लाख ९० हजार रुपये खात्यातून गेले. तंत्र वेगळे, उपकरण वेगळे. वाचकाची निवड मात्र त्याच पद्धतीची. लग्नाचे आमंत्रण कोणी पाठवले हे आधी कळल्याशिवाय पत्रिका न उघडणारा मराठी माणूस शोधून सापडणार नाही, कारण ते कळण्यासाठीच तर पत्रिका उघडायची असते.

यावरून आपल्या प्रबोधनाच्या भाषेतील उणीव उघड होते. 'अनोळखी ई-मेल उघडू नका' ही सूचना भित्तिपत्रकांवर, कार्यशाळांत आणि परिपत्रकांत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे असे नाही, परंतु जी फसवणूक ओळखीच्या आधारावरच उभी आहे तिच्याविरुद्ध ती निरुपयोगी ठरते. शिवाय या सूचनेत एक सूक्ष्म आरोप दडलेला असतो. नुकसान झाले तर ते वाचणाऱ्याच्या बेसावधपणामुळे झाले, असा तिचा ध्वनी आहे. फाईलचे खरे नाव ज्याने लपवले त्या प्रणालीकाराविषयी आणि ज्याने सोंग रचले त्याच्याविषयी सूचना मौन पाळते.

पेन ड्राईव्हमधील शॉर्टकट

वैरागसारख्या गावात हा प्रकार मुख्यतः ई-मेलने आला नाही. तो पेन ड्राईव्हने आला, आणि त्याला भाषिक कारण होते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर ज्या त्या फाँटशी बांधलेला असे. ज्या संगणकावर तो फाँट नसेल तिथे फाईल उघडली तर अक्षरांऐवजी चिन्हांची रांग दिसे. त्यामुळे प्रश्नपत्रिका, चर्चासत्राचे निबंध, नॅकच्या स्वयंअध्ययन अहवालाची प्रकरणे हे सारे डीटीपीच्या दुकानात पेन ड्राईव्हवरून न्यावे लागे, तिथेच दुरुस्त करावे लागे आणि परत आणावे लागे. एकाच दुकानातील एकाच संगणकाला दिवसभरात गावातील शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती आणि महाविद्यालये यांचे पेन ड्राईव्ह लागत. मराठी लिपीच्या तांत्रिक दुरवस्थेने संसर्गासाठी जणू एक पाणवठा तयार करून ठेवला होता.

२०१३ च्या सुमारास याच मार्गाने पसरलेल्या एका स्क्रिप्टचे काम अनेकांनी पाहिले असेल, तिचे नाव ठाऊक नसले तरी. पेन ड्राईव्ह लावला की त्यातील सर्व फोल्डर 'शॉर्टकट' झालेले दिसत. चिन्हाच्या कोपऱ्यात एक लहानसा बाण असे. सुरक्षा क्षेत्रात 'एच-वर्म', 'हुडिनी' किंवा 'जेन्क्सकस' या नावांनी ओळखली जाणारी ही आज्ञावलीही व्हीबी स्क्रिप्टच होती. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. ती पेन ड्राईव्हमधील मूळ फाईल व फोल्डर नष्ट करीत नाही. ती ते लपवते आणि प्रत्येकाच्या जागी त्याच नावाचा शॉर्टकट ठेवते. त्या शॉर्टकटवर क्लिक केले की दोन गोष्टी होतात. आधी लपवलेली स्क्रिप्ट चालते, आणि लगेच मूळ फोल्डरही उघडते. वापरकर्त्याला हवे ते मिळाल्यामुळे त्याला संशय येण्याचे कारण उरत नाही. येथे तोतयाने घरधन्याला मारलेले नाही. त्याला मागच्या खोलीत ठेवून तो स्वतः दारात उभा आहे आणि येणाऱ्या प्रत्येकाला अदबीने आत नेत आहे.

त्याआधीच्या काळात पेन ड्राईव्ह लावताच आज्ञावली आपोआप सुरू होत असे. ती सोय मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये आणि फेब्रुवारी २०११ च्या सुधारणेने जुन्या आवृत्त्यांतही काढून घेतली. यंत्राच्या आपोआप होणाऱ्या कृतीवर बंधन येताच लिहिणाऱ्यांनी माणसाच्या आपोआप होणाऱ्या कृतीचा आधार घेतला. आपल्याच नावाचे फोल्डर उघडण्यापूर्वी कोण विचार करतो?

आत शिरल्यावर स्क्रिप्ट स्टार्टअप फोल्डरमध्ये व रजिस्ट्रीत आपली सोय लावते आणि मग बाहेरच्या एका सर्व्हरशी स्वतःहून संपर्क साधते. संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे नाव, प्रणालीची आवृत्ती, कोणता अँटिव्हायरस आहे, ही माहिती ती कळवते आणि पुढील आज्ञेची वाट पाहते. फायरवॉल बहुधा बाहेरून आत येणारी वाट अडवते. आतून बाहेर जाणारी विनंती तिला घरच्या माणसाची वाटते. आग्र्याच्या पहारेकऱ्यांनी मिठाईचे पेटारे प्रथम तपासले आणि पुढे सवयीने जाऊ दिले, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. कौतुकाचा भाग बाजूला ठेवला तर पहाऱ्याच्या शास्त्रातील तो एक कायमचा धडा आहे. या सर्व्हरांची नावे 'नो-आयपी' नावाच्या सेवेवरून घेतलेली असत. ३० जून २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने न्यायालयाच्या आदेशाने त्या सेवेच्या अनेक नावांचा ताबा मिळवल्याचे जाहीर केले, आणि त्यात लाखो निरपराध ग्राहकांची सेवा खंडित झाली. विषाणूच्या निर्मूलनासाठी सारी वस्ती खाली करण्यासारखा हा उपाय होता. तो काही दिवसांत सोडून द्यावा लागला.

स्क्रिप्टच्या बाबतीत 'लस' ही कल्पना का तोकडी पडते, तेही येथे पाहता येते. अँटिव्हायरस पूर्वापार ज्ञात आज्ञावलीच्या खुणा लक्षात ठेवून नव्या फाईलशी त्या जुळवून पाहत आला आहे. स्क्रिप्ट साध्या अक्षरांत असल्याने कोणीही ती उघडून चार नावे बदलतो, मध्ये निरर्थक ओळी भरतो, अक्षरांची सांकेतिक अदलाबदल करतो, आणि खूण मोडते. पाठभेद निर्माण होण्याची ही प्रक्रिया आपल्या हस्तलिखितांच्या अभ्यासकांना परिचित आहे. फरक इतकाच की येथे लेखनिक मुद्दाम चुकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीबी स्क्रिप्ट ही भाषाच टप्प्याटप्प्याने निवृत्त करण्याचे जाहीर केले. सत्तावीस वर्षे घरात बसवलेल्या दुभाष्याला निरोप देण्याचा हा निर्णय उशिराचा होता, असेच म्हणावे लागेल.

पुण्यातील खटला आणि लेखकत्वाचा प्रश्न

रोगाच्या रूपकाची खरी मर्यादा महाराष्ट्राने पाहिली ती भीमा कोरेगाव प्रकरणात. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा येथे हिंसाचार झाला, आणि पुणे पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या व नागपुरात अॅड. सुरेंद्र गडलिंग यांच्या घरांची झडती घेऊन संगणकीय साधने जप्त केली. जून २०१८ मध्ये दोघांसह पाच जणांना अटक झाली. जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. अभियोगाचा मोठा आधार विल्सन यांच्या संगणकात सापडलेली पत्रे हा होता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या न्यायवैद्यक संस्थेचा अहवाल प्रसिद्ध झाला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून संस्थेने संगणकाच्या प्रतिमा-प्रतीचा अभ्यास केला होता. अहवालाचे म्हणणे असे की, १३ जून २०१६ रोजी, कवी वरवरा राव यांच्या ई-मेल खात्याचा वापर करून कोणीतरी पाठवलेल्या पत्रांच्या मालिकेनंतर, विल्सन यांनी सोबतचा दस्तऐवज उघडला आणि 'नेटवायर' हा दुरून ताबा घेणारा ट्रोजन संगणकात बसला. हा ताबा बावीस महिन्यांहून अधिक काळ राहिला. एका लपवलेल्या फोल्डरमध्ये दहा महत्त्वाची पत्रे ठेवली गेली, त्या फोल्डरमधील शेवटचा बदल जप्तीच्या आदल्या दिवशीचा आहे, ती पत्रे त्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण नाही, आणि काही पत्रे वर्डच्या अशा आवृत्तीत तयार झाली आहेत जी विल्सन यांच्या संगणकावर नव्हतीच. हा अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टने तीन बाहेरच्या तज्ज्ञांकडून तो तपासून घेतला होता. राष्ट्रीय तपास यंत्रणेची भूमिका याच्या उलट राहिली. पुण्याच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या अहवालात संगणकात घातक आज्ञावली असल्याचा पुरावा दिसत नाही, असे यंत्रणेने सांगितले.

यांपैकी कोणाचे म्हणणे ग्राह्य हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि प्रस्तुत लेखकाला ते करावयाचे नाही. समीक्षेच्या दृष्टीने लक्ष वेधून घेते ती या दोन विधानांची जडणघडण. 'घातक आज्ञावली आढळली नाही' हे विधान रोगनिदानाचे आहे. संगणकाची तपासणी झाली, जंतू सापडले नाहीत, म्हणून तो निरोगी. 'पत्रे उघडली गेली नाहीत, दुसऱ्या आवृत्तीत लिहिली गेली, अमुक दिवशी फोल्डरमध्ये आली' हे विधान पाठचिकित्सेचे आहे. हस्तलिखिताचा कागद, शाई, वळण आणि लेखनकाळ पाहून ते कोणाच्या हातचे हे ठरवणारा अभ्यासक ज्या खुणा शोधतो, त्याच जातीच्या खुणा येथे शोधल्या गेल्या आहेत. पहिला प्रश्न यंत्राच्या प्रकृतीचा आहे, दुसरा मजकुराच्या लेखकत्वाचा. पहिल्याचे उत्तर निःसंशय मिळाले तरी दुसरा शिल्लकच राहतो. ट्रोजन काम संपल्यावर निघून जाऊ शकतो, किंवा निष्क्रिय होऊन पडून राहू शकतो. त्याने ठेवलेले कागद मात्र कपाटात राहतात.

ग्रामीण भागातील आपल्या लोकसमजुतीत यासाठी एक चमत्कारिक रीतीने अधिक अचूक कल्पना आहे. 'बाधा' हा शब्द रोगाला लागतो तसा भूतालाही लागतो, आणि अंगात आलेल्या माणसाच्या तोंडून जे बोलले जाते ते त्याचे धरले जात नाही. देवऋषी पहिला प्रश्न विचारतो तो 'तू कोण, कुठून आलास' हा. अंधश्रद्धेचे समर्थन करण्याचा येथे लवमात्र हेतू नाही, आणि खऱ्या आजाऱ्याला देवऋष्याकडे नेण्यातून किती अनर्थ झाले हे या भागात कोणाला सांगायला नको. परंतु तोंड एकाचे आणि बोलणारा दुसरा असू शकतो, हा भेद त्या प्रश्नात गृहीत आहे. 'संगणकात सापडले, म्हणजे संगणकाच्या मालकाचे' या आपल्या सुशिक्षित अनुमानात तो नाही.

वृत्तपत्रीय मराठीने या काळात जे शब्द वापरले तेही याच अनुमानाला पोषक होते. अमुक यांच्या लॅपटॉपमधून पत्र 'हाती लागले', असे लिहिले गेले की 'मधून' या शब्दयोगी अव्ययाने मालकी आणि लेखकत्व दोन्ही एकदमच देऊन टाकलेली असतात. 'लॅपटॉपवर आढळलेले पत्र' एवढे म्हटले असते तरी प्रश्नाला जागा राहिली असती.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सेंटिनेल-वन या संस्थेच्या संशोधकांनी याच प्रकरणातील लक्ष्यांचा मागोवा घेत एका गटाचे वर्णन केले आणि त्याला 'मॉडिफाईड एलिफंट' हे नाव दिले. किमान २०१२ पासून कार्यरत असलेला हा गट सुरुवातीला जोडनावाच्या फायली पाठवीत असे, म्हणजे दिसायला पीडीएफ आणि प्रत्यक्षात चालणारी आज्ञावली. आणि त्याच्या साधनांत कळफलकावरील प्रत्येक अक्षर टिपणारी व्हिज्युअल बेसिकमधील आज्ञावलीही होती. मनिलाच्या विद्यार्थ्याने २००० मध्ये वापरलेला मुखवटा तपभराने तसाच वापरात होता, फक्त प्रेमपत्राच्या जागी चळवळीतील कार्यकर्त्याला वाचावासा वाटेल असा कागद आला होता. नेटवायर तर महाजालावर किंमत देऊन उघडपणे मिळणारी वस्तू होती. तिचे विक्रीस्थळ अमेरिकेच्या एफबीआयने मार्च २०२३ मध्ये ताब्यात घेतले आणि क्रोएशियात एकाला अटक झाली. त्यामुळे ती कोणी वापरली हे साधनावरून सांगता येत नाही. आर्सेनलच्या अहवालातही ट्रोजन पाठवणाऱ्याचे नाव नाही.

याच प्रकरणातील फादर स्टॅन स्वामी यांच्या संगणकाविषयी तशाच आशयाचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. ५ जुलै २०२१ रोजी, न्यायालयीन कोठडीत असतानाच, मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झालेले होते. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला तो दीर्घ कारावास आणि खटला लवकर संपण्याची नसलेली शक्यता या कारणांवरून. सहा वर्षांहून अधिक काळ लोटूनही तोवर आरोपनिश्चिती झालेली नव्हती, आणि ती पत्रे कोणी लिहिली हा प्रश्न त्या आदेशाच्या कक्षेत आला नाही.